कार्ड मिळाले, काम कोण देणार?

आदिलाबादच्या गुड्यागुड्यांतून सरकार रक्त गोळा करत हिंडले. बोटाला सुई टोचली, थेंब घेतला, नाव-वय लिहून घेतले आणि रक्तात दोष निघाला त्याच्या हातात कार्ड ठेवले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा नारळ फोडला. सतरा राज्ये, तीन वर्षे, चाळिशीच्या आतली सात कोटी माणसे आणि २०४७ ची मुदत, असा तो संकल्प. तेलंगणा त्या सतरांत आहे. या मोहिमेला आमचा विरोध नाही. जो आजार शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली जगापुढे मांडला, जो १९५२ साली निलगिरीत आणि १९५८ साली आपल्या शेजारच्या नागपूर भागात डॉक्टरांनी नोंदवला, त्याची देशभर मोजणी करायला २०२३ उजाडावे लागले, हीच लाजिरवाणी गोष्ट आहे. उशिरा का होईना, मोजणी झाली, चांगले झाले.

पण कार्ड हातात पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस कुठे जातो, काय करतो, काय खातो, याची चौकशी उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेने (आयटीडीए) केली? जिल्हाधिकारी कचेरीने केली? हैदराबादच्या सचिवालयाने केली? तो माणूस त्याच कापसाच्या शेतात जातो, त्याच थंडीत वाकतो, त्याच किलोच्या भावाने वेचतो. कार्ड घरात मडक्यामागे खोचलेले असते. दोन हजार सत्तेचाळीस साली हा आजार घेऊन मूल जन्मू नये, असे दिल्लीचे स्वप्न आहे. मोहीम सुरू झाली तेव्हा जो बावीस वर्षांचा होता तो २०४७ साली सेहेचाळीस वर्षांचा होईल. त्याने मधली चोवीस वर्षे काय करावे, याबद्दल मोहिमेच्या घोषणांत अक्षर सापडत नाही.

आमचा आरोप सरळ आहे. आजारी माणसापुढे या व्यवस्थेने दोनच रस्ते ठेवले आहेत. निरोग्याइतके राब, नाहीतर आपण निकामी आहोत असा दाखला आण आणि पेन्शनच्या रांगेत बस. अंगाला झेपेल ते काम आणि त्याचा पुरता दाम, हा तिसरा रस्ता या जिल्ह्यात कोणी बांधलाच नाही. हा निव्वळ विसराळूपणा म्हणून आम्ही सोडून देणार नाही. हा अन्याय आहे आणि तो कायद्याच्या कलमांत, निविदांच्या अटींत आणि हजेरीच्या ॲपमध्ये लिहून ठेवलेला आहे.

आधी हा आजार काय मागतो ते समजून घ्या. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगते; सिकलसेलच्या रुग्णाची दहा-वीस दिवसांत संपते. म्हणून अंगात रक्त नेहमीच कमी, थकवा नेहमीचा. त्यात थंडी लागली, पाणी कमी पडले, अंगाबाहेर श्रम झाले किंवा ताप आला की पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांतून अशी कळ निघते की धडधाकट गडी जमिनीवर लोळतो. पुढे खुब्याचे हाड झिजते, घोट्याच्या जखमा महिनोन् महिने भरत नाहीत. पण या दोन कळांच्या मधले दिवस असतात, आठवडे असतात, महिने असतात. हायड्रॉक्सियुरियाची गोळी नियमाने मिळाली तर हे बरे दिवस आणखी वाढतात. त्या दिवसांत तो माणूस लिहू शकतो, मोजू शकतो, शिवू शकतो, दुकान चालवू शकतो, पोरे शिकवू शकतो. त्याला चार गोष्टी हव्यात: वेळेवर पाणी, उन्हाथंडीपासून आडोसा, मध्ये थोडी विश्रांती आणि कळ आली त्या दिवशी घरी राहण्याची मुभा. या चार गोष्टींना कोणतेही विलायती यंत्र लागत नाही. माठ लागतो, ताडपत्री लागते आणि माणुसकी लागते.

आता आदिलाबादचे काम पाहा. कापसाची वेचणी सुरू होते ऑक्टोबरात आणि चालते ऐन थंडीत. हा जिल्हा तेलंगणात सगळ्यांत जास्त गारठणाऱ्या जिल्ह्यांत मोडतो. बेला, जैनद, तामसी, भीमपूर, पैनगंगेच्या काठची सगळी काळी जमीन सकाळी दवाने भिजलेली असते आणि बायका त्यात अनवाणी उतरतात. मजुरी किलोवर, म्हणून पाणी प्यायला बांधावर जाणे म्हणजे पैसे घालवणे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे चढतो तेव्हा तेंदूपत्ता तोडायचा हंगाम. पहाटे जंगलात, पन्नास पानांचा एक पुडा, पुड्याच्या शेकड्यावर पैसे. सिकलसेलच्या माणसाला जे जे वर्ज्य ते ते सारे या जिल्ह्याच्या पोटापाण्याच्या कामात ठासून भरलेले आहे. मग गोंडाचा पोरगा तीन दिवस कामावर जातो, चौथ्या दिवशी कळवळत पडतो, आठवडाभराने उठतो, तोवर त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. गाव म्हणते, आळशी आहे. मुकादम म्हणतो, भरवशाचा नाही. ज्याच्या हाडात आग पेटली आहे त्याला आळशी म्हणणाऱ्या जिभा झडल्या पाहिजेत!

निसर्गाने अन्याय केला असे म्हणून कोणी हात झटकू नयेत. निसर्गाने रक्त दिले. कलमे माणसांनी लिहिली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या डिसेंबरात मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात अपंगत्वे होती, नव्यात एकवीस झाली. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तिन्ही आजार त्यात आले. ते आपोआप आले नाहीत. नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षे सरकारचे उंबरठे झिजवले. विदर्भात, तेलंगणात, छत्तीसगडात घराघरांत आशा जागली. आणि मग त्याच कायद्याचे कलम ३४ वाचा. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण. एक टक्का अंधांना आणि अल्पदृष्टींना, एक टक्का कर्णबधिरांना, एक टक्का अस्थिव्यंग, कुष्ठमुक्त, मेंदूचा पक्षाघात, खुजेपणा, स्नायूंचा ऱ्हास आणि आम्लहल्ला सोसलेल्यांना, आणि उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना. सिकलसेल कुठे आहे? नाही. थॅलेसेमिया? नाही. हिमोफिलिया? नाही.

हे पुन्हा वाचा, कारण वाचणाऱ्याला खरे वाटत नाही. कलम ३२ सांगते की चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या सिकलसेलच्या मुलाला उच्च शिक्षणात पाच टक्के राखीव जागांत हक्क आहे. कलम ३७ सांगते की गरिबी हटवण्याच्या योजनांतही पाच टक्के त्याच्यासारख्यांचे आहेत. म्हणजे त्याने उटनूरच्या आश्रमशाळेत शिकावे, कळा सोसत पदवी घ्यावी, आणि नोकरीच्या खिडकीशी पोचला की त्याच कायद्याने त्याच्या तोंडावर झडप लावावी! तुझे अपंगत्व शिकण्यापुरते खरे, कमावण्यापुरते खोटे, असे सांगणारा हा कायदा कोणत्या न्यायबुद्धीने लिहिला? संसदेत हा कायदा संमत झाला तेव्हा सगळ्या पक्षांचे खासदार होते. काँग्रेस होती, भाजप होता, आताची बीआरएस तेव्हा टीआरएस म्हणून होती. सगळ्यांनी मान डोलावली. आदिवासींच्या नावाने मते मागणाऱ्यांपैकी कोणीही उभे राहून या कलमातून रक्ताचे आजार का वगळता, असा सवाल तडीला नेला नाही. गोंड वीर कुमराम भीमच्या जोडेघाटला दरवर्षी हार घालायला जाणारे सगळे या पापाचे वाटेकरी आहेत.

दाखल्याचीही तीच गत. तुटलेला हात सोमवारी तुटलेला असतो आणि शुक्रवारीही. सिकलसेलचे अपंगत्व कधी येते, कधी ओसरते. तपासणीच्या दिवशी पोरगा बरा असेल तर टक्केवारी कमी आणि कळ आली असेल तर तो तिथवर पोचूच शकत नाही. गादिगुडा-नारनूरच्या कोपऱ्यातून रिम्स रुग्णालयापर्यंत यायला आजारी माणसाचा पुरा दिवस जातो. त्यात मीसेवा केंद्रातून तारीख घ्या, तेलुगूतला अर्ज भरा. घरात गोंडी-मराठी बोलणाऱ्या आईला त्यातले काय कळते? आणि एवढे करून मिळते काय? आसरा पेन्शन. २०१४ साली दीड हजारावर सुरू झालेली ही रक्कम २०१९ मध्ये ३,०१६ झाली आणि २०२३ मध्ये ४,०१६. पेन्शन हवीच, ती कोणी हिरावू नये. शेजारच्या आंध्रने २०२० पासून सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना महिना दहा हजार रुपये द्यायला घेतले. त्याच तेलुगू मातीतल्या आमच्या राज्याने या रुग्णांची किंमत एवढी हलकी का ठरवावी? पण माणसाला कामाच्या जगातून हद्दपार करण्याचा मोबदला पेन्शन होऊ शकत नाही. बावीस वर्षांच्या तरुणाला कमवायचे असते. त्याला घर मांडायचे असते, आईच्या हातात पैसे ठेवायचे असतात. काम करताना कोणी पाहिले तर पेन्शन तोडतील, या धास्तीने आजारी माणूस चोरासारखा काम करतो ही अवस्था कोणी आणली?

आता जिनिंगकडे या. आदिलाबादचे नाव देशाच्या बाजारात कापसाने आहे. हंगामात जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, हवेत तंतू तरंगत असतात आणि शेकडो बायाबापड्या त्यात श्वास घेत राबतात. या देशात १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा आला. मजूर आजारी पडला तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळते, लांबलेल्या ठरावीक आजारांना त्याहून अधिक काळ, त्याहून अधिक दराने. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही ढाल आहे. मग आमच्या जिनिंगच्या मजुराला ती का नाही? कारण त्याच कायद्याने हंगामी कारखाने बाहेर ठेवले, आणि हंगामी कारखाना कोणता याची व्याख्या करताना यादीत पहिल्यानेच नाव घातले ते कापसाच्या जिनिंगचे! पाठोपाठ प्रेसिंगचे. १९४८ साली लिहिलेला हा अपवाद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत जसाच्या तसा पुढे आला. सत्तर वर्षांनी कायदा नवा छापला आणि कापसाच्या मजुराला पुन्हा एकदा नावानिशी दाराबाहेर उभे केले. ज्या पिकावर या जिल्ह्याचा व्यापार, मोंढा, बँका आणि निवडणुका चालतात, त्या पिकाची रुई काढणारा हात आजारी पडला तर त्याचे काहीच लागत नाही, हे लिहिणाऱ्यांनी आणि त्यावर सही करणाऱ्यांनी एक हंगाम त्या तंतूंच्या धुरळ्यात उभे राहून दाखवावे.

राहिली रोजगार हमी. ही कल्पना आपल्या मराठी मुलखातली. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७२ च्या दुष्काळाने ती गावोगाव नेली, १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. मागेल त्याला काम, हा त्या कायद्याचा प्राण. पुढे हीच कल्पना देशभराचा कायदा झाली. आज त्या प्राणाचे काय झाले? तेलुगू राज्यांत रोजगार हमीचे मजूर गटाने काम करतात आणि माती मोजली जाते गटाची. गटात एक जण थकणारा असला की बाकीच्यांची मजुरी घटते. मग शेजारीच म्हणतात, तू उद्या येऊ नकोस. सरकारने माप असे ठेवले की गरिबानेच गरिबाला हाकलावे. अविभाजित आंध्रात यावर तोड काढली होती: अपंगांचे वेगळे श्रमशक्ती संघ, १५० दिवसांचे काम, कामाच्या मापात सूट. म्हणजे वाट ठाऊक होती, चालून पाहिलेली होती. तीच वाट सिकलसेलच्या रुग्णाच्या दारापर्यंत का आणली नाही? उलट १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा फोटो काढून ॲपवर हजेरीची सक्ती आली. जो उन्ह चढल्यावर बसून श्वास घेतो, जो अर्धा दिवस करून परततो, त्याचा दुसरा फोटो नसेल तर अर्ध्या दिवसाचा घामही बुडाला. कायद्याचे नाव बदला, शंभराचे सव्वाशे दिवस करा. मोजपट्टी तीच राहिली तर आजारी माणसाला मिळणारे दिवस शून्यच राहतील.

कोणी म्हणेल, हे सगळे परवडणारे नाही. आम्ही विचारतो, कोणाला? विलायतेत १९९४ पासून एक योजना आहे; आजारी किंवा अपंग कामगाराला लागणारी साधने, मदतनीस, ये-जा यांचा खर्च सरकार उचलते, कारण घरी बसवलेला माणूस देशाला अधिक महाग पडतो हे त्या व्यापारी देशाला कळते. तेवढ्या लांब जायचे नसेल तर वर्धा नदी ओलांडा. वरोऱ्याजवळ १९४९ साली बाबा आमट्यांनी आनंदवन उभारले. ज्यांना कुष्ठरोगामुळे गावाने वेशीबाहेर टाकले, ज्यांची बोटे झडली होती, त्या माणसांनी तिथे विहिरी खोदल्या, शेती पिकवली, माग चालवले, पुढे धडधाकट मुलांसाठी महाविद्यालय बांधले. आणि बाबा स्वतः? पाठीच्या कण्याने त्यांना बसण्याची मुभा ठेवली नव्हती. उभे राहून किंवा पडून एवढेच शक्य. त्या अवस्थेत त्यांनी दशकानुदशके काम केले, कारण आनंदवनातले काम त्यांच्या शरीराच्या मापाने बेतलेले होते. आपल्याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, मार्लवाईला, चाळीसच्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी गोंड शिक्षक तयार केले, गोंडीची पुस्तके देवनागरीत छापून घेतली. निजामाच्या राजवटीत शाळा आदिवासीच्या मापाने शिवता आली, आणि लोकशाहीत काम त्याच्या मापाने शिवता येत नाही?

न्यायालयाने तर केव्हाच सांगून टाकले आहे. २०२१ साली विकाशकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की वाजवी सोय हा हक्क आहे आणि तो चाळीस टक्क्यांच्या दाखल्यावर अडवता येत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, रंगांधळेपणाचे कारण देऊन नोकरीतून काढलेल्या तेलंगणा परिवहन महामंडळाच्या एका चालकाला दुसरे काम द्या, असे त्याच न्यायालयाने सुनावले. गाडी चालवता येत नसेल, पण कामाला माणूस नालायक कसा ठरतो? हा निकाल आपल्या राज्याच्या महामंडळाविरुद्ध लागला. त्याची शाई वाळायच्या आत सरकारने प्रत्येक खात्याला परिपत्रक पाठवायला हवे होते.

पण दिव्यांग कायद्याच्या कलम २० चे, नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचे संरक्षण सरकारी नोकरीपुरते. खासगी मालकाने सिकलसेलचे कार्ड पाहून माणूस परत पाठवला तर? इथे आणखी एक घोर अन्याय चालतो. ज्याच्यात आजाराचा एकच अंश आहे तो वाहक असतो. तो कोणत्याही निरोग्यासारखा काम करू शकतो. त्याचेही कार्ड आहे, आणि मालकाला दोन कार्डांतला फरक कळत नाही. एचआयव्हीबाबत २०१७ च्या कायद्याने खासगी मालकालाही नोकरी नाकारायला बंदी केली. मग रक्तातल्या या आजाराला तोच न्याय का नाही? तपासणी सरकारने केली, कार्ड सरकारने दिले. त्या कार्डामुळे नोकरी गेली तर त्याचे उत्तर सरकारनेच दिले पाहिजे.

आणि आपण? मोंढ्यातले व्यापारी, जिनिंगचे मालक, शाळांचे मुख्याध्यापक, आणि हा अग्रलेख वाचणारे आपण सगळे? जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोंद करायला, गाठींचे नंबर लिहायला, गेटपास फाडायला माणूस लागतोच. ती खुर्ची सावलीत असते, शेजारी पाण्याचा माठ असतो. ती नात्यातल्या धडधाकट पोराला मिळते आणि बारावी शिकलेला सिकलसेलचा गोंड पोरगा गाठी ओढायला जातो. हे दिल्लीने केलेले नाही. हे आपण केले आहे, आपल्या गावात, आपल्या डोळ्यांदेखत.

आमच्या मागण्या ऐका. जिल्ह्याचे खासदार कलम ३४ मध्ये रक्ताच्या आजारांसाठी दुरुस्ती मागणारे विधेयक मांडोत. मंत्री नसलेल्या कोणत्याही खासदाराला खासगी विधेयक मांडता येते. उटनूरच्या आयटीडीएने कलम ३७ च्या पाच टक्क्यांतले किती सिकलसेलच्या रुग्णांपर्यंत गेले ते मंडलवार प्रसिद्ध करावे. रोजगार हमीत या रुग्णांचे वेगळे गट व्हावेत, माप कमी, सावली आणि पाणी बंधनकारक, अर्ध्या दिवसाची हजेरी ग्राह्य. हायड्रॉक्सियुरिया प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने असावी. गोळी संपली म्हणून कोणाचा हंगाम बुडता कामा नये.

आणि एक गोष्ट तर संसदेची वाट न पाहता होऊ शकते. दर हंगामाआधी भारतीय कापूस महामंडळ हमीभावाच्या खरेदीसाठी इथल्या जिनिंग कारखान्यांशी करार करते. सरकारी महामंडळाचा पैसा त्या दारांतून आत जातो. त्या करारात अट घाला: आजारी आणि अपंग मजुरांना बसून करायच्या कामांत ठरावीक जागा, आजारपणाच्या दिवसांचे पैसे, आणि कामाच्या जागी पाणी व विश्रांती. जिल्हाधिकाऱ्यांनी ही मागणी लेखी कळवावी, आमदारांनी तिचा पाठपुरावा करावा. येत्या हंगामाच्या निविदा निघतील तेव्हा ही अट त्यांत आहे की नाही ते आम्ही पहिल्या पानावर छापू, आणि नसेल तर ती कोणाच्या टेबलावर अडली त्याचे पदही छापू.